फोर्ट स्मिथच्या कोर्टातला आवाज

मंडळी, आयझॅक पार्कर हे नाव अमेरिकेत 'फाशी देणारा न्यायाधीश' म्हणून ओळखलं जातं. आकडेही तसेच आहेत. एकवीस वर्षांत १६० जणांना मृत्युदंड सुनावला, त्यांतले ७९ फासावर गेले. मला आज बोलायचंय ते मात्र त्यांच्या बोलण्याबद्दल.

१८७५ साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी छत्तीस वर्षांच्या पार्करना आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथला नेमलं. पलीकडच्या 'इंडियन टेरिटरी'त, म्हणजे चेरोकी, चॉक्टॉ, क्रीक वगैरे जमातींच्या मुलखात, आरोपी किंवा बळी जमातींबाहेरचा असला, की गुन्हा या कोर्टापुढे यायचा. कोर्ट भरायचं जुन्या लष्करी बराकीत आणि तिच्याच तळघरात कैदी कोंडलेले असत. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला सहा जणांना एकाच वेळी फाशी दिलं, तेव्हा बघायला हजारो लोक लोटले होते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. खून सिद्ध झाला की त्या काळच्या संघीय कायद्यात शिक्षा एकच होती, फाशी. कमी करायची मुभा न्यायाधीशाला नव्हती. आणि १८८९ पर्यंत वर अपीलही नव्हतं, राष्ट्राध्यक्षांनी दया दाखवली तरच सुटका. मग पार्करांच्या हाती उरलं काय? शब्द! साक्षीपुरावे संपल्यावर ज्युरीला कायदा समजावून सांगायचं भाषण आणि शिक्षा सुनावताना आरोपीला उद्देशून केलेलं भाषण. आपल्याकडे आता ज्युरी राहिलेली नाही, म्हणून पहिल्या भाषणाचं वजन आपल्याला चटकन जाणवत नाही. ते ऐकूनच बारा माणसं आत जाऊन निकाल ठरवतात. पार्कर हे भाषण भरपूर लांबवत, त्यात बायबल आणत, मेलेल्या माणसाची बाजू मांडत.

सॅम हिकरीचा खटला घ्या. एका डेप्युटी मार्शलच्या, म्हणजे कोर्टाच्या हाताखालच्या पोलीस अधिकाऱ्याच्या, खुनाचा आरोप. पार्करांनी ज्युरीला सांगितलं, कायदाही एक गोष्ट मानतो : 'पाठीस कोणी नसतानाही दुष्ट पळतो, निष्पाप मात्र सिंहासारखा निर्भय असतो.' आणि हे इतकं स्वयंसिद्ध आहे, की सिद्धांतच समजा.

ऐकायला किती भारदस्त वाटतं! पण दारात पोलीस दिसला की निष्पाप गरीब माणूसही घाबरून पळतो, हे आपण सगळे जाणतो. सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली हिकरीची शिक्षा रद्द केली, आणि त्याच वर्षी पार्करांच्याच कोर्टातून आलेल्या अल्बर्टीच्या खटल्यात स्पष्ट म्हटलं, की बायबलमधलं हे वचन फौजदारी कायद्याचा सिद्धांत नाही. दोन वर्षं आधी हेन्री स्टारच्या खटल्यातही ज्युरीपुढचं भाषण एकांगी असू नये अशी समज पार्करांना मिळाली होती.

मला पार्कर क्रूर वाटत नाहीत. शिक्षा कडक असण्यापेक्षा ती चुकणार नाही याची खात्री असणं महत्त्वाचं, असं ते मानत, आणि तशी खात्री असेल तर फाशी रद्द व्हावी असंही त्यांनी अखेरच्या वर्षी एका मुलाखतीत सांगितलं. त्यांच्या हाताखालचे कितीतरी डेप्युटी मार्शल त्या मुलखात मारले गेले, त्याचं दुःख त्यांच्या बोलण्यात उतरत असे. पण न्यायाधीशाच्या दुःखाचंही ओझं ज्युरीवर पडतं, आणि त्या ओझ्याखाली समोर उभा असलेला आरोपी चिरडला जाऊ शकतो. माझा आक्षेप आहे तो एवढ्यावरच, पण तो मोठा आहे.

१ सप्टेंबर १८९६ला इंडियन टेरिटरीवरचा या कोर्टाचा अधिकार संपला. पार्कर तेव्हा अंथरुणावर होते. १७ नोव्हेंबरला ते गेले.

त्यानंतर वीस दिवसांनी अ‍ॅलेक्झांडर अ‍ॅलनच्या अपिलाचा निकाल लागला. गुन्ह्याच्या वेळी हा पोरगा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा. त्याच्या दोन शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने आधीच रद्द केल्या होत्या, तिसरी कायम केली. त्या तिसऱ्या खटल्यात एकमत न झालेल्या ज्युरीला पार्करांच्या कोर्टात सांगण्यात आलं होतं, की जे थोडे आहेत त्यांनी बहुमताचं ऐकून आपलं मत पुन्हा तपासावं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी ही सूचना पुढे नाकारली. पण बऱ्याच संघीय कोर्टांत ज्युरी अडून बसली, की न्यायाधीश आजही ती वाचून दाखवू शकतात. तिला 'अ‍ॅलन चार्ज' म्हणतात.