केंडल स्क्वेअरचा शेजार

जैवतंत्रज्ञानाच्या उद्योगाकडे पाहताना मला पहिल्यापासून एक कोडे पडत आले आहे. पोलादाचे कारखाने कोळशाच्या आणि लोहखनिजाच्या आसपास वसले, हे समजते. परंतु ज्या उद्योगाचा कच्चा माल मुख्यतः ज्ञान आहे, आणि ते ज्ञान शोधनिबंधांतून व पेटंटांतून कोणालाही वाचता येते, त्या उद्योगाने मोजक्याच शहरांत दाटीवाटी का करावी?

अमेरिकेतील बॉस्टनला खेटून असलेल्या केंब्रिज शहरातील केंडल स्क्वेअरचे उदाहरण घेऊ. ‘नासा’चे इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्र 1970 मध्ये बंद झाल्यावर एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या दाराशी असलेल्या या परिसरात बरीच जागा मोकळी पडली होती. 1976 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने डीएनए-जोडणीच्या, म्हणजे वेगवेगळ्या सजीवांचे डीएनए एकत्र जोडण्याच्या, प्रयोगांसाठी प्रयोगशाळा उभारायचे ठरवले, तेव्हा महापौर आल्फ्रेड व्हेलुची यांनी विरोधाची राळ उडवली आणि नगर परिषदेने असे प्रयोग काही काळ थांबवले. मग सामान्य नागरिकांची समिती नेमली गेली, तिने शास्त्रज्ञांची बाजू ऐकली, आणि 1977 मध्ये या प्रयोगांना अटींसह परवानगी देणारा नगर परिषदेचा नियम झाला. उद्योगाला पळवून लावील असे वाटणारा हा वाद शेवटी उद्योगाच्या पथ्यावर पडला, असे माझे मत आहे. कारण काय चालेल आणि काय चालणार नाही, हे लेखी स्वरूपात सांगणारे गाव गुंतवणूकदाराला अधिक भरवशाचे वाटते. हार्वर्डचे वॉल्टर गिल्बर्ट आणि एमआयटीचे फिलिप शार्प ज्या संस्थापकांमध्ये होते, ती ‘बायोजेन’ कंपनी 1978 मध्ये जिनिव्हात स्थापन झाली खरी, पण पुढे तिने केंब्रिजमध्येच बस्तान बसवले.

जागा आणि नियम एवढ्याने मात्र कोडे सुटत नाही. पेशी वाढवताना त्या नेमक्या कशाने मरतात, कोणता प्रयोग चार वेळा फसला म्हणून सोडून दिला, हे शोधनिबंधात सहसा छापले जात नाही. ते माणसाच्या हातात आणि आठवणीत राहते. घर न बदलता, मुलांची शाळा न बदलता माणूस एका कंपनीतून दुसरीत जातो, तेव्हा हे न लिहिलेले ज्ञानही रस्ता ओलांडते. प्राध्यापकाला अध्यापन न सोडता कंपनीच्या सल्लागार मंडळावर बसता येते, तेही दोन्ही जागा पायी जाण्याच्या अंतरावर असल्यामुळेच.

जेसन ओवेन-स्मिथ आणि वॉल्टर पॉवेल या समाजशास्त्रज्ञांनी बॉस्टनमधील जैवतंत्रज्ञान कंपन्यांच्या करारांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून दिसले ते असे, की या करारांनी विणलेल्या स्थानिक जाळ्यात कंपनी मध्यभागी आहे की कडेला, याला फारसे महत्त्व नव्हते. त्या जाळ्यात असणेच पुरेसे होते. दूरवर पसरलेल्या जाळ्यात मात्र मोक्याची जागाच उपयोगी पडत होती. याचे कारण त्यांनी विद्यापीठे आणि सार्वजनिक संशोधन संस्था यांच्यात शोधले: ज्या जाळ्याचा कणाच मुळी शोध उघड करणाऱ्या संस्थांचा असतो, त्यात माहिती झिरपते आणि शेजाऱ्यांना आपोआप मिळते. निव्वळ कंपन्यांच्या जाळ्यात ती करारांच्या नळातून, मोजूनमापून वाहते. म्हणून अंतराची चर्चा करताना शेजारी कोण आहे, हे विसरून चालत नाही.

अमेरिकेतल्याच सॅन डिएगोतील शेजार निराळ्या वळणाचा. तेथील ‘हायब्रिटेक’ ही कंपनी 1986 मध्ये ‘इलाय लिली’ या औषध कंपनीने विकत घेतली, तिच्यातून बाहेर पडलेल्या अनेकांनी त्याच शहरात नव्या कंपन्या काढल्या. तेथे जुने सहकारी हाच धागा होता.

युरोपातील बलाढ्य औषध कंपनी ‘नोव्हार्टिस’ने 2002 मध्ये आपल्या संशोधनाचे मुख्यालय केंब्रिजला हलवायचे ठरवले आणि त्यासाठी मिठाईचा एक जुना कारखाना घेतला, तो या झिरपणाऱ्या पाण्यासाठीच, असे मी मानतो. उत्पादनाला मात्र हा शेजार तितकासा लागत नाही. ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेली करोनाची लस पुण्यात ‘सीरम’मध्ये कोट्यवधी मात्रांमध्ये तयार झाली, कारण तोवर तिच्या निर्मितीची कृती कागदावर उतरवता येण्याजोगी झाली होती, आणि ती वाचून हाताळू शकणारे अनुभवी हात पुण्यात आधीपासून होते.