एका उड्डाणाचे चार हिशेब

(दृश्य: विमानतळाचा एक कोपरा, उघडा हँगर. जुळ्या इंजिनांचं पांढरं विमान बाहेर ओढून ठेवलेलं.)

सकाळचे नऊ. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं स्प्रिंगफील्ड. समोर उभं आहे बीचक्राफ्ट बॅरन 58. सहा आसनं, दोन इंजिनं. मालक एकच, आणि चालवणारेही तेच.

डावा प्रॉपेलर दोन गचके खातो आणि धरतो. तेलाचा दाब चढतो. त्या क्षणी पॅनलच्या कोपऱ्यातली एक इवलीशी खिडकी जागी होते. आत एक चकती फिरायला लागते आणि शेजारचे आकडे सरकायच्या तयारीत बसतात.

हा हॉब्स मीटर, इंजिन चालू असल्याचे तास मोजणारा. जॉन वेस्टन हॉब्स यांनी 1938 मध्ये कंपनी काढली ती याच गावात. आपल्याकडे जेसीबी तासावर लावणाऱ्याला असा मीटर नवा नाही. इंजिन नुसतं घुरघुरत उभं असलं तरी तास चढतात, आणि त्यावरून बांधावर होणारी वादावादीही आपल्या ओळखीची. विमानाच्या बाबतीत ही वादावादी मालकाला स्वतःशीच घालावी लागते.

(पडद्यावर घड्याळ.)

आजचा पल्ला उत्तरेला, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनपर्यंत. नऊला इंजिन सुरू. 9.06 ला चाकं हलली. 9.18 ला विमानानं जमीन सोडली. वारा पाठीशी होता, 10.20 ला उतरलं. 10.28 ला जागेवर थांबलं, 10.30 ला इंजिनं बंद.

आता सांगा, हे विमान किती तास उडालं?

हॉब्स म्हणतो, दीड तास. त्याला फक्त तेलाचा दाब कळतो. वैमानिक आपल्या वहीत 1.4 तास लिहितो. उड्डाणासाठी विमान स्वतःच्या ताकदीनं हललं तिथपासून ते उतरून थांबेपर्यंत, ही त्याची व्याख्या. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या टॅकोमीटरमधला, म्हणजे टॅकमधला, तासांचा आकडा 1.2 च्या आसपास सरकलेला असतो. त्याचं गणितच निराळं. ठरावीक फेऱ्यांना, समजा मिनिटाला 2300 ला, तो घड्याळाबरोबर चालतो. जमिनीवर इंजिन हजार फेऱ्यांवर रेंगाळत असेल, तर तोही निम्म्याहून कमी वेगानं रेंगाळतो.

आणि चौथा आकडा, 1.0. चाकांनी जमीन सोडली तिथपासून पुन्हा टेकेपर्यंत. देखभालीच्या नोंदींसाठी अमेरिकेचा विमान वाहतूक कायदा हाच काळ धरतो. त्याचं नाव टाइम इन सर्व्हिस.

चारही आकडे खरे आहेत. खोटं सुरू होतं ते एकाच्या रकान्यात दुसरा लिहिला की. आज हॉब्स आणि चौथ्या आकड्यात फरक अर्ध्या तासाचा. वर्षाला अशी ऐंशी उड्डाणं धरली तर चाळीस तास, दहा वर्षांत चारशे. या विमानाच्या कॉन्टिनेंटल आयओ-520 इंजिनांना कारखान्यानं सुचवलेली ओव्हरहॉलची, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करण्याची, मुदत आहे 1700 तासांची. म्हणजे जवळपास चौथा हिस्सा न उडताच कागदावर संपला! खासगी विमानाला ही मुदत कायद्यानं बंधनकारक नाही, पण विकायला काढलं की गिऱ्हाईक आधी तोच आकडा विचारतं.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त वाईट. एखादा भाग अमुक तासांनी तपासा असा सरकारी आदेश निघालेला असतो, आणि तास कमी लिहिले गेल्यानं तपासणी पुढे ढकलली जाते. आणखी एक साधी चूक म्हणजे एक तास वीस मिनिटांना 1.2 लिहिणं. दशांशात ते 1.3 होतात. मीटरचा एक दशांश म्हणजे सहा मिनिटं, हे माहीत असूनही घाईत हात चुकतो.

(दृश्य: टेबलावर पाच वह्या. कडा तेलानं काळवंडलेल्या.)

एक इंजिन असलेल्या विमानात एवढ्यावर भागलं असतं. इथं वह्या पाच. विमानाच्या सांगाड्याची एक, इंजिनांच्या दोन, प्रॉपेलरच्या दोन. प्रत्येकाचे एकूण तास वेगळे ठेवायचे, असा नियम आहे. सांगाडा 1970 च्या दशकातला, डावं इंजिन सहा वर्षांपूर्वी बदललेलं, उजवं त्याआधीचं. उजवा प्रॉपेलर मध्येच ओव्हरहॉल होऊन आलेला. एकाच आकाशात एकत्र उडूनही पाचांची वयं पाच. आजच्या उड्डाणाचा 1.0 मात्र पाचही वह्यांत चढणार.

सरावात एक इंजिन मुद्दाम बंद करतात. प्रॉपेलरची पाती वाऱ्याला आडवी न राहता सरळ होतात, आणि विमान एका इंजिनावर पंधरा मिनिटं उडतं. मग ती पंधरा मिनिटं थांबलेल्या इंजिनाच्या वहीतून वजा करायची का? मोह होतो खरा. पण व्याख्येत जमीन सोडतं ते विमान, इंजिन नव्हे. त्या पंधरा मिनिटांसाठी हिशेबात अपवाद घुसवू नये, असं मला वाटतं.

हॉब्स मीटर कुठल्या तारेला जोडलाय हेही बघावं लागतं. फक्त डाव्या इंजिनाच्या तेलदाबावर असेल, तर उजवं आधी सुरू केलेल्या दिवशी आकडा वेगळा येतो. विमानाची सगळी वीज चालू-बंद करणाऱ्या मास्टर स्विचवर असेल आणि स्विच रात्रभर चालू राहिला, तर सकाळी बॅटरी मेलेली आणि हँगरमध्ये उभ्या विमानानं बरेच तास ‘उड्डाण’ केलेलं. हवेच्या वेगावर चालणारा, किंवा लँडिंग गिअरवरचा, म्हणजे चाकांवरचा, भार उतरला की सुरू होणारा स्विच त्यातल्या त्यात प्रामाणिक.

(क्लोजअप: वहीतली जुनी शाईची नोंद.)

या पानावर थांबा. जुना मीटर बिघडला, नवा शून्यापासून बसवला. त्या दिवशी सांगाड्याचे तास होते 2705.2. मेकॅनिकनं ते इथं लिहिलंय. त्यानंतर मीटरच्या प्रत्येक वाचनात 2705.2 मिळवायचे, की झालं. पुढच्या पानावर कुणीतरी ते 2750.2 असं उतरवलं. पंचेचाळीस तास हवेतून आले. नंतरच्या प्रत्येकानं ओळ तपासली ती फक्त वरच्या ओळीशी, आणि बेरीज तर बरोबरच होती. चूक सापडली ती विकत घेणाऱ्यानं पहिल्या पानापासून पुन्हा मांडणी केली तेव्हा.

आता अशी तपासणी बाहेरूनही होते. 1 जानेवारी 2020 पासून अमेरिकेच्या बहुतेक नियंत्रित हवाई क्षेत्रात विमानानं आपलं ठिकाण सतत प्रसारित करणं सक्तीचं आहे. गिऱ्हाईक घरबसल्या मागची उड्डाणं काढतं आणि वहीशी ताडून पाहतं. विमानातला इंजिन मॉनिटरही दोन्ही इंजिनांची तापमानं वेळेसकट साठवत असतो.

बॅरनच्या नाकात आणखी एक चीज दडलेली आहे. हीटर. तो विमानाचंच पेट्रोल जाळून केबिन गरम करतो, आणि त्याच्या तपासण्या त्याच्या स्वतःच्या तासांवर ठरतात. म्हणून त्याला अनेकदा वेगळा मीटर असतो. इलिनॉयच्या हिवाळ्यात तो धावतो, जुलैत महिनाभर हलत नाही.

(दृश्य: मॅडिसन. इंजिनं थांबलेली. मालक अजून आसनातच.)

मांडीवरच्या पॅडला पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली आहे. ते आधी जमीन सोडल्याची वेळ लिहितात, मग टेकल्याची. खाली हॉब्स, दोन्ही टॅक, आणि हीटर. प्रत्येक आकड्याआधी कुठल्या मीटरचा ते एका अक्षरात. मग चष्मा वर सरकवून पॅनलकडे पुन्हा एकदा बघतात, आणि हॉब्सचा शेवटचा आकडा खोडून पुन्हा लिहितात. तो अर्धवट सरकून दोन आकड्यांच्या मध्ये अडकलाय.