झोप उडाली की थांबू नका

उदासी परतली की माणूस स्वतःच सांगतो, मला बरं वाटत नाहीये. बायपोलर या मनाच्या आजारात कधी उदासी येते, तर कधी उन्माद, म्हणजे अतिउत्साहाचा झटका. हा उन्माद परततो तेव्हा मात्र माणसाला छान वाटत असतं. आज मला फक्त त्याबद्दल बोलायचंय.

तीन-चार तासच झोप होते, तरी सकाळी तरतरी असते. रात्री दोनला उठून स्वयंपाकघरातले डबे घासायला काढले जातात. बोलणं भरभर होतं, खरेदीची खोकी दारात येऊ लागतात. आणि घरची मंडळी सुखावतात, कारण कित्येक महिने त्यांनी या माणसाला अंथरुणात पडून राहिलेलं पाहिलेलं असतं. तेवढ्यात आठवडा निघून जातो. याच आठवड्यात औषधाचा डोस बदलला, झोप सावरली, तर पुष्कळदा भरती करायची वेळ येत नाही. पुढे तोच माणूस म्हणतो, 'मला काय धाड भरलीय? तुम्हीच जा डॉक्टरकडे!' मग त्याला नेणं घरच्यांच्या हाताबाहेर जातं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, खात्री पटेपर्यंत थांबू नका. लागोपाठ दोन रात्री झोप कमी झाली आणि तरी दमणूक नाही, एवढं डॉक्टरांना फोन करायला पुरेसं आहे. नवरात्रातली जागरणं, लग्नघर, रात्रपाळी यांच्या दिवसांत तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. झोपमोड हे आजाराचं लक्षण असतं, तसंच त्याला उठवणारं कारणही असतं.

'आता बरा आहे, मग लिथियम कशाला?' हे मनाचे चढउतार आवरणाऱ्या या औषधाबद्दल मी नेहमी ऐकतो. लिथियम एकदम बंद केलं की आजार उलटण्याचा धोका वाढतो. हात थरथरतात, सारखी तहान लागते, वजन वाढतं, हे त्रास खरे आहेत. ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, बरेचदा मार्ग निघतो. जुलाब-उलट्या झाल्या किंवा दुखण्यावर आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली तर रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं. अशा वेळीही लगेच विचारायचं.

बरं असतानाच घरात एक कागद लिहून ठेवा. एका बाईंनी लिहिलंय: 'माझी झोप उडाली तर ताईनं डॉक्टरांना फोन करायचा. मी चिडले तरी करायचा. एटीएम कार्ड ताईकडे राहील.' चिडले तरी, हे तिनं स्वतः घातलंय. मला त्या कागदातलं तेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण ताईला आता चोरून काही करावं लागत नाही. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते नकोत, हे आधी लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही दिलाय.

नेहमीचे डॉक्टर भेटत नसतील तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील, तर माणसाला एकटं न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. जाताना जुनी फाईल आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, आणि झोप कधीपासून बिघडली ते आधी सांगा.