घोड्याच्या पाठीवरचा उपचार शिकायचा तर

(सोलापुरात बारावीच्या विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागच्या रांगेतले पालक आत्ताच घड्याळ बघायला लागलेत, म्हणून त्यांना हवंय ते आधी सांगून टाकते. दिव्यांग मुलांसाठी घोड्याचा उपयोग करायचं शास्त्र परदेशात कॉलेजात शिकवतात आणि त्यावर पोट भरणारी माणसं आहेत. पण सोलापुरात राहून हे करायचं असेल, तर पदवी माणसाच्या शरीराची घ्या आणि घोडा तिच्या जोडीने शिका. क्रम उलटा केलात तर अडकाल. आता का, ते सांगते.

या कामात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाहेर त्यांची सर्रास सरमिसळ होते. पहिली हिप्पोथेरपी. यात फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ स्वतःच्या उपचाराचं साधन म्हणून घोड्याची चाल वापरतो. मुलाने घोडेस्वारी शिकावी ही त्यात अपेक्षाच नसते. दुसरी थेराप्युटिक रायडिंग. इथे शिकवणारा प्रशिक्षक असतो आणि मूल खरोखर स्वारी शिकतं, मात्र त्याच्या अडचणी ओळखून बेताने शिकवलेली. पहिलीला आरोग्यसेवेतली मान्य पदवी लागतेच. दुसरीला प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र लागतं.

हे सगळं सुरू कुठून झालं? डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला. गुडघ्यांखालचे पाय लुळे पडले ते कायमचेच. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. अशा अवस्थेत १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली नेमक्या करून घ्यायच्या स्पर्धेत, रौप्यपदक जिंकलं, तेही त्या प्रकारात स्त्रियांना पहिल्यांदाच प्रवेश मिळाला त्या वर्षी. १९५६ ला पुन्हा रौप्य. ते पाहून युरोपातले डॉक्टर आणि घोडेवाले एकमेकांशी बोलायला लागले. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये 'रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन' आणि अमेरिकेत आज 'पाथ इंटरनॅशनल' म्हणून ओळखली जाणारी संस्था अशा दोन्ही उभ्या राहिल्या. १९९६ पासून पॅरालिंपिकमध्ये ड्रेसाज आहे.

पण घोडाच का? बैल का नाही, सायकल का नाही? घोडा साध्या कदम चालीने चालतो, तेव्हा त्याची पाठ एकाच वेळी पुढे-मागे, डावी-उजवी आणि थोडी वर-खाली हलते. वर बसलेल्याचं कंबरेचं हाड त्याच तालात हलतं, जवळजवळ आपण स्वतः चालताना हलतं तसंच. मिनिटाला शंभरच्या आसपास पावलं पडतात. ज्या मुलाने आयुष्यात एक पाऊल टाकलेलं नाही, त्याच्या धडाला वीस मिनिटांत चालण्याचे दोन हजार हिसके मिळतात. माझ्या दवाखान्यातल्या उपचाराच्या टेबलावर कितीही कसरत केली तरी ते मला देता येत नाहीत.

सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा नसलेलं, मूल डोळ्यांपुढे आणा. मांड्यांचे स्नायू ताठ, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. खोगीर काढून ठेवलेलं असतं, पाठीवर फक्त जाड गादी आणि पट्टा. घोड्याच्या अंगाची ऊब आपल्यापेक्षा थोडी जास्त असते, गादीतून ती मांड्यांना लागते, पाय फाकवून बसल्याने ताण मिळतो आणि ताठरपणा हळूहळू सैल पडतो. एक जण घोडा धरून पुढे, दोघे दोन बाजूंनी मुलाच्या मांडीवर हात ठेवून. मग मी घोडा थांबवायला सांगते. थांबला की मुलाचं धड पुढे जातं आणि त्याला ते सावरून मागे घ्यावं लागतं. पुन्हा चाल, पुन्हा थांब. नंतर तोंड शेपटीकडे करून बसवायचं. घोडा चालतोय, पण औषधाचा डोस मी ठरवतेय. त्यासाठीच ती पदवी.

अमेरिकेतल्या कॉलेजांत या विषयाच्या विद्यार्थ्याला घोड्याची शरीररचना, आहार, तबेल्याची व्यवस्था, स्वतःची स्वारी, मानसशास्त्र, अपंगत्वाचे प्रकार, धडा आखणं आणि प्रत्यक्ष केंद्रावरची उमेदवारी असं सगळं करावं लागतं. पाथचा प्रशिक्षक व्हायला वय किमान १८ लागतं. अभ्यासक्रम चांगलाच आहे, पण फक्त या एका नावाच्या पदवीवर आयुष्य टांगू नका. नॉर्थ कॅरोलायनात लॉरिनबर्ग गावी सेंट अँड्र्यूज विद्यापीठ होतं, या विषयाची पदवी देणारं म्हणून जाणकारांना माहीत असलेलं. २०२५ मध्ये ते विद्यापीठच बंद झालं. फिजिओथेरपीच्या नोंदणीला अशी भीती नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. अकलूजचा घोडेबाजार तुम्हाला मी सांगायला नको. तिथला गिऱ्हाईक काय बघतो? अंगावरचे भोवरे बघतो, पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं आहे का बघतो, मान किती ताठ ठेवतो, हलगी वाजली की नाचतो का. आम्हाला यातलं काहीही नको. आम्हाला हवा कंटाळवाणा घोडा! मध्यमवयीन, वाऱ्याने प्लास्टिकची पिशवी उडाली तरी नुसता कान फिरवून पुन्हा उभा राहणारा, आणि मुख्य म्हणजे चारही पाय सारखे टाकणारा. घोडा लंगडत असेल तर ती वाकडी लय सरळ मुलाच्या कंबरेत जाते. लंगडणं नेहमी पायात दिसत नाही, डोक्यात दिसतं. घोडा कडक जमिनीवर दुडकी धरून समोरून पळवायला सांगा. पुढचा दुखरा पाय टेकतो तेव्हा डोकं वर जातं, चांगल्या पायावर ते खाली येतं. हे एकदा डोळ्याला कळलं की बाजारात बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची गरज राहत नाही. वरातीत नाचवलेले घोडे मी शक्यतो टाळते. त्यातल्या बऱ्याच जणांचा नाच काटेरी लगामाच्या धाकाने शिकवलेला असतो, आणि तोंडाला हात गेला की ते बिथरतात.

भीमथडीचं घोडं मात्र मला या कामासाठी फार आवडतं. भीमेच्या खोऱ्यात धनगरांचं बिऱ्हाड-बाजलं वाहणारं हे जनावर. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. खांद्यापाशी सव्वाचार फुटांच्या आसपास. शर्यतीवाला त्याला हसेल, पण बाजूने चालणाऱ्या मदतनीसाचा हात मुलाच्या कंबरेपर्यंत सहज पोचतो, हे उंच घोड्यावर होत नाही. काटकही आहे. फक्त एक हिशोब चुकवायचा नाही: घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार देऊ नये असा ठोकताळा आहे. अडीचशे किलोच्या घोड्यावर सामानासकट पन्नास किलो. लहान मुलं चालतील, तरणीताठी माणसं नाहीत.

आणि वारी. खुडूसला, बाजीराव विहिरीला रिंगण बघितलंय ना? लाखभर माणसं, टाळ-मृदंग, पताका, आणि त्यातून तो अश्व न बिचकता धावतो. मुळात घोडा म्हणजे संकट दिसलं की पळणारं जनावर. नाकासमोरचं आणि शेपटीमागचं त्याला दिसत नाही, बाकी जवळजवळ चौफेर दिसतं, म्हणून जराशा हालचालीने दचकतो. अशा जनावराला एवढ्या गर्दीची सवय लावणारा माणूस या विषयातला प्राध्यापकच आहे. त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही एवढंच.

पालकांसाठी थोडं कडू बोलते. घोड्यावर बसवून मतिमंदत्व जात नाही, ऑटिझम 'बरा' होत नाही. सेरेब्रल पाल्सीत धडाचा तोल सुधारतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. ऑटिझमच्या काही मुलांत चिडचिड कमी झालेली दिसते, पण बरेचसे अभ्यास लहान आहेत. शिवाय काही मुलांना बसवायचंच नसतं: फिट्स आटोक्यात नसतील, खुब्याचा सांधा निखळलेला असेल, हाडं ठिसूळ असतील तर नाही. डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, ते तपासल्याशिवाय तर अजिबात नाही. कोणी न तपासता बसवत असेल तर पोराला उचला आणि घरी या.

मार्ग असा. 'नीट' ही प्रवेशपरीक्षा देऊन फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली. शिकवण्याकडे ओढा असेल तर विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम, पण भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच. १९९२ च्या कायद्यानुसार ती नोंदणी लागते. फक्त घोड्यातच जीव असेल तर पशुवैद्यक, आपल्याला जवळ म्हणजे उदगीर किंवा शिरवळ. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावायला ठीक, त्यावर मूल घोड्यावर चढवू नका.

पैशांचं विचारतात सगळे. घोडा सुट्टीच्या दिवशीही खातो. चंदी, कडबा, नालबंद, घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराचा पगार, पोटशूळ झाला तर रात्रीचा डॉक्टर. सोलापूरच्या मे महिन्यात काम सकाळी आठच्या आत आटपावं लागतं, म्हणजे दिवसाला मोजकीच मुलं. मी दुपारी दवाखाना चालवते, त्यावर तबेला चालतो. नुसत्या घोड्यावर केंद्र चालवणाऱ्याला देणगी मागत फिरावं लागतं, ते ज्याला जमतं त्याने करावं.

एका मुलीने चिठ्ठी पाठवली आहे: 'या सुट्टीत काय करू?' बाळ, जवळ जिथे घोडे असतील तिथल्या मोतद्दार काकांना विचार आणि महिनाभर खरारा कर, लीद काढ. वर बसायचं नावच काढू नकोस. घोड्याच्या खांद्याजवळून, बोलत बोलत जवळ जायचं, मागून कधीच नाही. पायात बूट हवेत, चपला नकोत. रोज बघून ठेव कान कुठे आहेत, कोणता पाय विसावलाय, चंदी किती खाल्ली. महिन्यानंतरही तिथे जावंसं वाटलं तर मला फोन कर. आणि पहिल्या दिवसाआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते आईला विचार. लीद-मातीत त्याचे जंतू असतातच.