डेटाचा भाव आणि खरेदीची यादी

मोबाइल डेटा स्वस्त झाला म्हणून ऑनलाइन खरेदी वाढली, असं आपण सगळेच म्हणतो. ते खरं आहे, पण अर्धंच. एक जीबी कितीला पडतो यापेक्षा त्याचे पैसे आपल्याकडून कोणत्या पद्धतीने घेतले जातात, यावर आपल्या सवयी जास्त ठरल्या, असं माझं मत आहे.

२०१५ साल आठवा. एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. काम झालं की आपण लगेच डेटा बंद करायचो. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो आपोआप उतरू नयेत म्हणून सेटिंग करून देणारा एखादा भाचा प्रत्येक घरात होता. ऑनलाइन काही घ्यायचं तर ते ऑफिसच्या वायफायवर, आणि काय घ्यायचं हे आधीच ठरलेलं. विकणाऱ्यांनाही ही अडचण कळत होती. फ्लिपकार्टने कमी डेटात चालणारी हलकी साइट काढली.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकट होता. पण माझ्या दृष्टीने मोठा बदल त्यानंतरचा, रोजच्या कोट्याचा. रोज एक जीबी, दीड जीबी. उरलेला डेटा रात्री बारा वाजता बाद. पैसे आधीच भरलेले, त्यामुळे आणखी एक कुर्ती पाहायला, आणखी एक व्हिडिओ लावायला वेगळं काही पडत नाही. कुर्ल्याहून बदलापूरपर्यंतचा प्रवास म्हणजे तासभर दुकानातून फिरणं झालं. काही घ्यायचं नसतं, तरी कार्टमध्ये चार वस्तू पडतात, आणि त्यातली एक पगाराच्या दिवशी घरी येते.

याच मुंबईत १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत आहे. तिथे सभासद महिन्याची यादी भरतात आणि माल एकत्र येतो. आधी गरज, मग यादी, मग वस्तू. फोनवर हा क्रम उलटा झाला, आणि त्यामागे रोजच्या कोट्याचा वाटा मोठा आहे. यूपीआयही २०१६ चंच, कॅश ऑन डिलिव्हरी त्याआधीपासून होतीच, त्यामुळे सगळं श्रेय किंवा दोष डेटाला देता येणार नाही. शिवाय याच स्वस्ताईवर डोंबिवली-विरारच्या कितीतरी बायकांनी घरबसल्या व्हॉट्सअ‍ॅपवर साड्या विकल्या, स्वतःचे पैसे कमावले. त्याचं मोल मला फार मोठं वाटतं.

आता दुसरी बाजू. जुलै २०२४ मध्ये दर वाढले. रोज दीड जीबीचा जिओचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. महिना तीस-एकतीस दिवसांचा आणि रिचार्ज २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. एका फोनचे ३,८८७ रुपये. घरात चार फोन असतील तर साडेपंधरा हजार. हा खर्च वस्तूच्या किमतीत कुठेच दिसत नाही, म्हणून ‘ऑनलाइन पन्नास रुपये स्वस्त मिळालं’ हा हिशोब अपुरा आहे. ज्यांचा पगार चांगला, ते वाढ सोसून तसेच स्क्रोल करत राहतात. धुणी-भांडी करणाऱ्या ताईंच्या घरी मात्र एखादा रिचार्ज मागे पडतो, आणि तो बहुतेक वेळा बाईचाच असतो. मग ऑर्डर मुलाच्या फोनवरून, त्याला वेळ असेल तेव्हा.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामक संस्थेने, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक देणं बंधनकारक केलं आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायला परवानगी दिली. ज्यांना डेटा नकोच, त्यांची सोय झाली. ज्यांना थोडाच हवा, त्यांच्यासाठीही असाच नियम हवा: दोन-तीन जीबीचा पॅक, जो रात्री बाराला बाद होणार नाही, वर्षभर पुरवून वापरता येईल. ट्राय नव्या नियमांच्या मसुद्यावर लोकांची मतं मागवते. तेव्हा ही मागणी ग्राहक म्हणून आपण लेखी करायला हवी.