गाभा सुईच्या मागे सरळ का येत नाही?

पॉलिमर वेव्हगाइड म्हणजे प्रकाश वाहून नेणारी प्लॅस्टिकची वाट. तिचा गाभा, म्हणजे प्रकाश जातो तो आतला भाग, नेमक्या जागी बसवायचा तर यंत्र अचूक हवं, एवढंच पुष्कळांच्या मनात असतं. यंत्र अचूक हवंच. पण आज ज्या पद्धतीबद्दल बोलायचं आहे, तिच्यात गाभ्याची जागा शेवटी ठरवतो तो द्रव.

पद्धतीचं नाव मॉस्किटो. जपानच्या केइओ विद्यापीठात ताकाआकी इशिगुरे यांच्या गटाने ती विकसित केली. गाभ्याभोवतीच्या आवरणाचं मोनोमर (पॉलिमर बनण्याआधीचा द्रव) थर देऊन पसरायचं, आणि ते द्रव असतानाच त्यात बारीक सुई बुडवून आडवी चालवायची. सुई चालता चालता गाभ्याचं मोनोमर सोडत जाते. मग अतिनील प्रकाशाने दोन्ही घट्ट करायचे. मास्क (आकार उमटवणारा पडदा) लागत नाही, आणि गाभा गोल मिळू शकतो.

जाडीचा हिशेब सोपा आहे. दर सेकंदाला बाहेर पडणाऱ्या द्रवाच्या घनफळाला सुईच्या वेगाने भागलं की गाभ्याच्या छेदाचं क्षेत्रफळ मिळतं. प्रवाह तोच ठेवून वेग दुप्पट केला, तर ५० मायक्रोमीटरचा गाभा सुमारे ३५ वर येतो.

जागेचं तसं नाही. सुईचा बाहेरचा व्यास गाभ्याहून बराच मोठा असतो. ती पुढे जाताना द्रव बाजूला सारते आणि तोच द्रव तिच्या मागे परत येऊन जागा भरतो. पण खाली घट्ट पाया आणि वर मोकळा पृष्ठभाग, त्यामुळे वरचा आणि खालचा ओघ सारखा नसतो. नुकताच सुटलेला गाभा या ओघात सापडतो, वरखाली सरकतो, कधी लांबट होतो. इथे गुरुत्वाकर्षणाला दोष द्यायचा मोह होतो. तो उगाच. द्रव पुरेसा दाट असेल, तर घनतेतल्या थोड्या फरकाने गाभा सेकंदाला एक नॅनोमीटरसुद्धा बुडत नाही.

शेजारी शेजारी बारा गाभे काढायचे म्हटले की खरी गंमत सुरू होते. अंतर २५० मायक्रोमीटर असलं, तर दुसऱ्या गाभ्यासाठी निघालेली सुई पहिल्यालाही हलवते. पहिल्याने सगळ्या फेऱ्यांचे धक्के खाल्लेले असतात, शेवटच्याने एकही नाही. शिवाय लांबी ५ सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला २० मिलिमीटर धरला, तरी पहिला गाभा शेवटच्यापेक्षा निदान २७ सेकंद जास्त द्रवात राहतो. तेवढा वेळ दोन्ही मोनोमर एकमेकांत मिसळत असतात, म्हणजे गाभ्यापासून आवरणापर्यंतचा अपवर्तनांकाचा (पदार्थ प्रकाश किती वळवतो त्या मापाचा) उतारही सगळ्यांचा सारखा नसतो. उपाय काय? बारीक सुई, जुळता दाटपणा, आणि छेद घासून सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक केंद्र मोजून तेवढी दुरुस्ती सुईच्या मार्गातच घालायची. मला हा शेवटचा उपाय सर्वांत भरवशाचा वाटतो.

एवढा आटापिटा कशासाठी? ५० मायक्रोमीटरचा बहुमोड (प्रकाशाला अनेक वाटांनी जाऊ देणारा) गाभा एखाददुसऱ्या मायक्रोमीटरची चूक पोटात घालतो. एकमोड (एकच वाट देणारा) गाभा घालत नाही. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीला मोडचा, म्हणजे त्यातल्या प्रकाशाच्या ठिपक्याचा, व्यास ९ मायक्रोमीटरच्या आसपास असतो. तिथे जोडणीत केंद्र १ मायक्रोमीटर सरकलं की सुमारे ०.२ डेसिबल प्रकाश वाया जातो आणि २ सरकलं की ०.८, कारण नुकसान अंतराच्या वर्गाने वाढतं.

आणि प्रकाश टाकला म्हणजे सुटलो असंही नाही. अॅक्रिलेट (अशा मोनोमरचा एक प्रकार) घट्ट होताना आकसतं. पाया आडवं आकसू देत नाही, म्हणून थर उंचीतच बसतो. २०० मायक्रोमीटरचा थर ५ टक्के खचला, तर मध्यावरचा गाभा ५ मायक्रोमीटर खाली येतो आणि किंचित चपटाही होतो. सुईची उंची लावताना हे उतरणं आधीच जमेस धरावं लागतं.