छाया विकते, काया जगवते

श्रोतेहो, नमस्कार. आज एका फोटोविषयी बोलायचंय, आणि रेडिओवर फोटो दाखवायची सोय नाही. तेव्हा तुम्हीच तो डोळ्यांपुढे आणा.

खुर्चीत एक कृष्णवर्णीय बाई बसल्यात, वयानं साठीच्या पुढच्या. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर शाल, डोळ्यांना चष्मा, हातात विणकाम. लोकरीचा धागा मांडीवरून खाली ओघळलेला. शेजारच्या टेबलावर फुलं आणि एक पुस्तक. पुस्तक शोभेचंच म्हणायचं, कारण बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं.

या सोजर्नर ट्रुथ. साल १८६४, देश अमेरिका. जन्मल्या न्यूयॉर्क राज्यात, गुलाम म्हणून. तेव्हाचं नाव इझाबेला. नऊ वर्षांच्या असताना त्या विकल्या गेल्या, मेंढ्यांच्या कळपासकट, शंभर डॉलरला. १८२६ मध्ये तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन त्यांनी मालकाचं घर सोडलं. १८४३ मध्ये स्वतःचं नाव स्वतः ठेवलं आणि गुलामगिरीविरुद्ध बोलत गावोगाव फिरल्या. (आपल्याकडे जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती अमेरिकेतल्या याच लढ्यातल्या माणसांना.)

त्या काळी पत्त्यातल्या पानाएवढे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून मिळत. इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाचे असे फोटो घरोघरच्या आल्बमांत जाऊन बसले होते. सोजर्नरबाईंनी आपले काढून घेतले आणि व्याख्यानांना, टपालानंसुद्धा, विकले. पाठीवर चाबकाचे वळ असलेल्या एका गुलामाचा फोटो तेव्हा देशभर फिरत होता. त्याचं काम मोठंच होतं. पण बाईंनी स्वतःसाठी वळ नाही निवडले, लोकर निवडली. घरंदाज बाई म्हणूनच बघा, असा जणू हट्ट.

फोटोखाली एक ओळ छापलेली असे. मराठीत मी ती अशी म्हणेन: ‘काया जगवायला मी छाया विकते.’ इंग्रजीतही तेव्हा फोटोला ‘छाया’ म्हणायची पद्धत होती. आपला ‘छायाचित्र’ हा शब्द इथं कसा चपखल बसतो पाहा! जिची काया दुसऱ्यांनी विकली, ती आता स्वतःची छाया विकत होती, स्वतः ठरवलेल्या भावानं.

आता पुठ्ठा उलटा करा. फोटोचा हक्क बहुधा फोटोग्राफरच्या नावावर असायचा. इथं मागच्या बाजूला, १८६४ च्या सरकारी नोंदीत, हक्कदार म्हणून नाव छापलंय: सोजर्नर ट्रुथ.